विनरेडिओ एक्सकॅलिबर प्रो : नाशिकच्या गच्चीवरून डिजिटल प्रक्षेपणाची देखरेख

डिजिटल रेडिओ ऐकणे आणि डिजिटल प्रक्षेपणावर देखरेख ठेवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. ऐकण्यासाठी आपल्याकडे अनेक मोटारींमध्ये बसूनच येणारा डीआरएम या डिजिटल पद्धतीचा संच पुरेसा ठरतो. देखरेखीसाठी मात्र सिग्नल किती आला, गोंगाटाच्या किती वर आला, मध्येच कुठे तुटला आणि का तुटला, हे आकड्यांत सांगणारे व ते आकडे जपून ठेवणारे यंत्र लागते. अशा कामासाठी मी विनरेडिओ या ऑस्ट्रेलियन कंपनीचा एक्सकॅलिबर प्रो, म्हणजे जी३३डीडीसी हा रिसीव्हर नाशिकमध्ये, गंगापूर रस्त्यावरील एका चार मजली इमारतीच्या गच्चीवरील अँटेनाला जोडून वापरतो आहे. संच नवा नसून मुंबईच्या एका हौशी श्रोत्याकडून घेतलेला आहे, त्यामुळे विक्रेत्याच्या सेवेविषयी येथे काही लिहिलेले नाही. जे लिहिले आहे ते यंत्राविषयी, त्याच्या मांडणीविषयी आणि या शहरात त्याच्याकडून काय मिळते याविषयी आहे.

डीआरएम, म्हणजेच डिजिटल रेडिओ मोंडिआल, ही पद्धत मध्यम लहरी आणि लघुलहरी यांच्या जुन्या पट्ट्यांतच डिजिटल कार्यक्रम बसवण्यासाठी आखली गेली. तिची संघटना १९९८ साली स्थापन झाली आणि नियमित प्रक्षेपणांचा औपचारिक प्रारंभ २००३ साली जिनिव्हा येथे झाला. आकाशवाणीने देशभर मध्यम लहरींवर ३५ डीआरएम प्रक्षेपक उभारले असून त्यांतला राजकोटचा १,००० किलोवॉटचा प्रक्षेपक नाशिकच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. एवढी मोठी यंत्रणा उभी असताना तिचा सिग्नल गावोगावी प्रत्यक्षात कसा पोहोचतो याच्या नोंदी श्रोत्यांकडून व्हायला हव्यात, असे मला मनापासून वाटते. या पद्धतीत ऐकणाऱ्याचे कान पुरे पडत नाहीत, हेही त्यामागचे एक कारण आहे. अ‍ॅनालॉग प्रक्षेपण दुबळे झाले की खरखर वाढते, आवाज दूर जातो, आणि ऐकणाऱ्याला आपोआप अंदाज येतो. डिजिटल प्रक्षेपण मर्यादेच्या वर असेपर्यंत स्वच्छ वाजते आणि मर्यादेखाली गेले की मुके होते. ते मर्यादेच्या किती वर होते, हे केवळ मोजमापातूनच कळते.

आता यंत्राकडे वळू. एक्सकॅलिबर प्रो ही धातूची एक छोटी पेटी आहे. तिला स्पीकर नाही, बटणे नाहीत, पडदाही नाही. १२ व्होल्टचा वीजपुरवठा, अँटेना आणि संगणकाकडे जाणारी यूएसबी केबल एवढ्या जोडण्या झाल्या की बाकी सारे काम विंडोज संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये चालते. अँटेनाकडून आलेला ९ किलोहर्ट्झपासून ४९.९९५ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा हा रिसीव्हर मधल्या वारंवारतेवर न उतरवता थेट अंकांत बदलतो. त्यासाठी १६ बिटांचा आणि सेकंदाला १० कोटी नमुने घेणारा परिवर्तक त्यात आहे. या पट्ट्यातला जास्तीत जास्त ४ मेगाहर्ट्झ रुंदीचा तुकडा निवडून त्यात एकाच वेळी तीन निरनिराळी केंद्रे लावता येतात. आपल्याकडील मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ एवढाच, म्हणजे सव्वा मेगाहर्ट्झहूनही अरुंद असल्यामुळे तो एका खिडकीत पूर्ण मावतो. मुंबईचे ५५८, मुंबईचेच १०४४ आणि राजकोटचे १०७१ ही तीनही केंद्रे शेजारीशेजारी ठेवून त्यांचे चढउतार एकाच घड्याळावर पाहता येतात, आणि देखरेख करणाऱ्याला याहून मोलाची सोय दुसरी नाही. साध्या संचावर एक केंद्र सोडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत आकाशातली परिस्थिती बदललेली असते.

सिग्नलची पातळी डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॉट हा पाया धरून मोजलेल्या डेसिबलमध्ये, दाखवली जाते, आणि ती विश्वासार्ह आहे. स्वस्त संचांवर पट्ट्यांची उंची दिसते, पण पातळीचा खरा आकडा कळत नाही. येथे अ‍ॅटेन्युएटर (येणारा सिग्नल मुद्दाम कमी करणारा भाग) बदलला तरी वाचन जागेवर राहते, म्हणून आजच्या नोंदीची तुलना पावसाळ्यातल्या नोंदीशी करता येते.

एवढे असूनही, नाशिकमध्ये हा रिसीव्हर लावणाऱ्याने पहिला विचार रिसीव्हरचा नव्हे, तर अँटेनाचा करावा. शहरातला मध्यम लहरींचा पट्टा आज विजेच्या उपकरणांनी इतका गढूळ केला आहे की १६ बिटांचा परिवर्तक घरातल्या तारेला जोडला, तर तो तेवढ्याच अचूकपणे शेजाऱ्याच्या एलईडी दिव्यांचा गोंगाट मोजून दाखवतो. मोबाइलचे चार्जर, लिफ्टचे नियंत्रक, सौरऊर्जेचे इन्व्हर्टर आणि रस्त्यावरचे एलईडी दिवे हे सारे स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यावर चालतात, आणि त्यांचा कचरा नेमका १०० किलोहर्ट्झपासून काही मेगाहर्ट्झपर्यंत सांडतो. लांब तार ओढली की सिग्नलबरोबर हा कचराही वाढतो, आणि डीआरएमला सिग्नलच्या उंचीपेक्षा सिग्नल आणि गोंगाट यांतल्या अंतराची गरज असते.

म्हणून गच्चीवर तारेऐवजी सुमारे एक मीटर व्यासाचे चुंबकीय लूप उभे केले. सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमची नळी गोल वाकवून मिळाली. तिला तळाशी प्रवर्धक जोडून ती पीव्हीसी नळीच्या खांबावर बसवली. लूपचा मोठा गुण असा की ते फिरवता येते आणि त्याच्या वर्तुळाच्या प्रतलाला काटकोनात असलेल्या दिशेकडून त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. गोंगाटाचा उगम ज्या बाजूला असेल त्या बाजूला हा बहिरा कोन वळवला की पडद्यावरची गोंगाटाची रेषा डोळ्यांदेखत खाली बसते. नाशिकहून मुंबई नैर्ऋत्येला आणि राजकोट वायव्येला असल्यामुळे दोन्हींसाठी एकच कोन चालत नाही, आणि लूप हाताने फिरवावे लागते. ज्यांना गच्चीवर वारंवार जाणे शक्य नसेल त्यांनी काटकोनात दोन लुपे लावून खालून निवड करण्याची सोय ठेवावी.

गच्चीवरून घरात येणारी केबल हा गोंगाटाचा दुसरा दरवाजा असतो, आणि पुष्कळ जण तो उघडाच ठेवतात. केबलचे बाहेरचे आवरण घरातल्या विजेच्या वायरिंगमधला गोंगाट उचलून अँटेनापर्यंत नेते. केबल फेराइटच्या मोठ्या कड्यातून आठदहा वेढे देऊन घेतली की हा प्रवाह अडतो. यूएसबी केबलसाठीही तसेच कडे वापरावे, आणि ती केबल शक्य तितकी आखूड ठेवावी. ५ मीटरच्या पुढे तर यूएसबी २.० चे मानकच जात नाही. अँटेनासाठी इमारतीच्या विजेच्या अर्थिंगपासून वेगळे, स्वतःचे अर्थिंग असलेले बरे. आपल्याकडे मुरूम आणि त्याखाली काळा कातळ असल्यामुळे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा प्रतिरोध वाढतो, तेव्हा कोळसा-मिठाच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालणे हा मांडणीचाच भाग समजावा.

सर्वांत चिवट गोंगाट शेजारच्या गच्चीवरील सौर इन्व्हर्टरचा निघाला. सूर्य वर आला की तो सुरू होई आणि संध्याकाळी आपोआप थांबे, त्यामुळे त्याचा उगम ओळखणे अवघड गेले नाही. मी शेजारच्या काकांना विचारले, “काका, तुमच्या इन्व्हर्टरच्या वायरींना या कड्या लावू का? यंत्राला काही होणार नाही.” ते म्हणाले, “लाव बाबा, पण माझे युनिट कमी व्हायला नकोत.” पॅनेलकडून येणाऱ्या दोन्ही वायरी एकत्र करून फेराइटमधून घेतल्यावर आणि लूपचा कोन थोडा बदलल्यावर दिवसाचे मुंबई केंद्र देखरेखीच्या लायकीचे झाले. अशा वेळी एक्सकॅलिबरचा धबधबा-पट, म्हणजे वरून खाली सरकत जाणारे रंगीत वर्णपट-चित्र, फार उपयोगी पडतो, कारण त्यात प्रत्येक उपकरणाच्या गोंगाटाचा घाट निराळा दिसतो. वीज गेली की हेच चित्र आणखी बोलके होते. रिसीव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू ठेवला, तर साऱ्या परिसराचा गोंगाट गळून पडतो आणि आपल्या जागेची खरी क्षमता किती आहे हे कळते. ती नोंद जपून ठेवावी. पुढे वाढलेला प्रत्येक डेसिबल माणसांनी आणलेला आहे की निसर्गाने, हे तिच्याशी ताडून पाहता येते.

डिजिटल सिग्नल उकलण्यासाठी विनरेडिओचे डीआरएम मॉड्यूल वेगळे घ्यावे लागते. मी त्याऐवजी ड्रीम हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. ते मूळचे जर्मनीतल्या डार्मश्टाट तंत्रविद्यापीठात तयार झाले. रिसीव्हरचा ध्वनी संगणकातल्या आभासी केबलमधून ड्रीमकडे पाठवायचा असतो. येथे काही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्या लागतात. रिसीव्हर यूएसबी, म्हणजे वरच्या पार्श्वपट्टीच्या पद्धतीवर ठेवून फिल्टर १० किलोहर्ट्झहून थोडा रुंद करावा आणि डीआरएमच्या मध्यापेक्षा साधारण ६ किलोहर्ट्झ खाली लावावा, म्हणजे संपूर्ण ठोकळा फिल्टरच्या आत येतो. नॉइज ब्लँकर, नॉच फिल्टर आणि आवाज सुधारणारी सर्व साधने बंद ठेवावीत. मानवी कानाला जे सुधारणा वाटते त्याने डीआरएमच्या शेकडो उपवाहकांची जुळणी बिघडते. एजीसी, म्हणजे पातळी आपोआप सांभाळणारा भाग, मंद ठेवावा. ध्वनीचा नमुनादर सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ असावा, नाहीतर विंडोज मध्येच त्याचे रूपांतर करते आणि कारण न कळता चौकटी, म्हणजे माहितीचे ठरावीक तुकडे, गळत राहतात.

डीआरएमचे प्रक्षेपण पडद्यावर ओळखायला शिकणे अवघड नाही. अ‍ॅनालॉग केंद्राच्या मध्यभागी वाहकलहरीची उंच रेघ असते आणि दोन्ही बाजूंना बोलण्याबरोबर हलणाऱ्या पार्श्वपट्ट्या असतात. डीआरएमचा ठोकळा मात्र दुरून दिसणाऱ्या अंजनेरीच्या पठारासारखा असतो, माथा सपाट आणि दोन्ही कडे ताशीव. दोन्ही पद्धती एकत्र चालू असतील तेव्हा अ‍ॅनालॉग केंद्राला लागूनच हा ठोकळा उभा असतो.

ड्रीमच्या खिडकीतले दिवे क्रमाने वाचावेत. डीआरएमच्या सिग्नलमध्ये तीन वाहिन्या असतात. एफएसीमध्ये पट्ट्याची रुंदी, सेवांची संख्या असे मूलभूत तपशील असतात; एसडीसीमध्ये केंद्राचे नाव, दिनांक-वेळ आणि हाच कार्यक्रम दुसऱ्या कोणत्या वारंवारतेवर मिळेल याची माहिती असते; एमएससीमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रम असतो. एफएसी सर्वांत भक्कम पद्धतीने पाठवली जाते, म्हणून तिचा दिवा हिरवा आणि एमएससीचा लाल असेल तर प्रक्षेपण चालू आहे, लावलेली वारंवारता बरोबर आहे, फक्त सिग्नल आणि गोंगाट यांतले अंतर अपुरे आहे, असा निष्कर्ष काढता येतो. तिन्ही लाल असतील तर आधी वारंवारता आणि ध्वनीची जोडणी तपासावी. कार्यक्रम सुरू व्हायला काही सेकंद लागतात, आणि तो दोष मानू नये. चौकट ४०० मिलिसेकंदांची असते, आणि लांब गुंफणीच्या पद्धतीत एकेका तुकड्याची माहिती २ सेकंदांवर पसरून पाठवली जाते, म्हणजे मधला क्षणिक खंड भरून काढता येतो.

सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर किती हवे, हे प्रक्षेपकाने निवडलेल्या मांडणीवर अवलंबून असते. स्थिर मार्गावर १६-क्वॅमची, म्हणजे एका चिन्हात कमी माहिती भरणारी, सौम्य मांडणी सुमारे ९ डेसिबलला उकलते, तर ६४-क्वॅमची नेहमीची मांडणी सुमारे १५ डेसिबल मागते. आकाशलहरींच्या, म्हणजे वरच्या वातावरणातून परतणाऱ्या लहरींच्या, अस्थिर मार्गावर दोन्हींना याहून बरेच जास्त लागते. म्हणून “आज १७ डेसिबल मिळाले” एवढ्याच नोंदीला अर्थ नाही. तिच्याशेजारी मांडणी, रात्र की दिवस, आणि किती टक्के ध्वनिचौकटी शाबूत आल्या, हे लिहिले तरच ती नोंद प्रक्षेपकाच्या अभियंत्याला उपयोगी पडते. जुन्या लघुलहरी श्रोत्यांनी वर्षानुवर्षे रिसेप्शन रिपोर्ट पाठवून क्यूएसएल कार्डे, म्हणजे केंद्राकडून येणारी पोचपत्रे, मिळवली. ती परंपरा डिजिटल काळात चालू ठेवायची असेल तर रिपोर्टात हे आकडे यायलाच हवेत.

नाशिकच्या बाबतीत मला सर्वांत मोलाची गोष्ट जी दिसली ती अशी. मुंबई येथून हवाई अंतराने सुमारे १४० किलोमीटरवर आहे आणि राजकोट सुमारे ४०० किलोमीटरवर. जवळचे केंद्र नेहमीच चांगले, ही समजूत येथे दिवसाच खरी ठरते. दिवसा वातावरणाचा डी थर मध्यम लहरी शोषून घेतो, आकाशमार्ग बंद असतो, आणि मुंबईची भूलहर, म्हणजे जमिनीलगत येणारी लहर, सह्याद्री ओलांडून अशक्त पण अत्यंत स्थिर अशी पोहोचते. सूर्यास्तानंतर डी थर विरतो, मुंबईची आकाशलहर वरून परतू लागते, आणि ती भूलहरीच्या जोडीला त्याच अँटेनात शिरते. वरचा मार्ग सुमारे १०० किलोमीटरने लांब असल्यामुळे दोहोंत साधारण एकतृतीयांश मिलिसेकंदाचे अंतर पडते. डीआरएमच्या भूलहरींसाठीच्या अ पद्धतीतही सुरक्षा-अवकाश, म्हणजे दोन चिन्हांमधली राखीव मोकळीक, २.६६ मिलिसेकंदांचा असतो, म्हणून एवढ्या विलंबाने एक चिन्ह दुसऱ्यात घुसत नाही. पण दोन लहरी काही वारंवारतांवर एकमेकींना पुसतात, आणि साधारण दर ३ किलोहर्ट्झला एक अशा खाचा सपाट माथ्यात पडून सरकत राहतात. सिग्नल मीटरवर पातळी दिवसापेक्षा जास्त, आणि तरीही कार्यक्रम तुटक, असे कोडे घालणारे दृश्य त्यातून तयार होते. एक्सकॅलिबरच्या बारीक वर्णपटात या खाचा स्पष्ट दिसतात, म्हणून ते कोडे सुटते. राजकोटच्या बाबतीत रात्री जवळजवळ केवळ आकाशलहरच येत असल्यामुळे दूर असूनही ते केंद्र कित्येकदा अधिक सलग उकलते.

याच कारणासाठी रिसीव्हरची ध्वनिमुद्रणाची सोय मला फार महत्त्वाची वाटते. केवळ आवाजाऐवजी संपूर्ण पट्टा मुद्रित करून ठेवता येतो आणि नंतर जणू थेट प्रक्षेपण चालू असल्याप्रमाणे हव्या त्या केंद्रावर लावता येतो. सूर्यास्ताच्या आधीपासून मुद्रण लावून ठेवले की तीच संध्याकाळ एकदा मुंबईवर आणि एकदा राजकोटवर तपासता येते. जागेचा हिशेब मात्र आधी करावा. सेकंदाला १२.५ लाख नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ४ बाइट धरले, तर तासाला १८ गिगाबाइट भरतात. साध्या फिरत्या डिस्कवर हे चालते, पण त्याच डिस्कवर विंडोजही असेल तर मुद्रणात खंड पडू शकतात. मुद्रणासाठी स्वतंत्र डिस्क ठेवावी.

डीआरएममध्ये आपत्कालीन सूचनेची एक व्यवस्था आहे. तिच्यामुळे चालू असलेला रिसीव्हर आपोआप सूचनेच्या कार्यक्रमाकडे वळू शकतो आणि सोबत अनेक भाषांतील मजकूरही दाखवू शकतो. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत चढले यावरून सारे शहर अंदाज बांधते, आणि २०२७ साली सिंहस्थात याच घाटांवर लाखो लोक असतील. अशा शहरात मध्यम लहरींवरून येणारी सूचना किती घरांपर्यंत शाबूत पोहोचेल, हे आधी मोजून ठेवणे श्रोत्यांच्या हातातले काम आहे. मोबाइलचे मनोरे गर्दीने किंवा वीज नसल्याने कोलमडतात तेव्हा दूरचा एकच मोठा प्रक्षेपक उपयोगी पडतो.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. हा रिसीव्हर ५० मेगाहर्ट्झच्या अलीकडेच थांबतो, त्यामुळे आकाशवाणी नाशिकचे १०१.४ मेगाहर्ट्झ किंवा एफएम पट्ट्यातले कोणतेही डिजिटल प्रक्षेपण यावर दिसणार नाही. त्यासाठी दुसरा संच हवा. सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते, म्हणून लिनक्स वापरणाऱ्या हौशी मंडळींची येथे अडचण होते. डीआरएमच्या ध्वनीसाठी आता एक्सएचई-एएसी ही नवी संकेतन पद्धतही वापरात आली आहे; सिग्नल उत्तम असूनही आवाज येत नसेल, तर दोष अँटेनात शोधण्याआधी आपल्याकडील ड्रीमची आवृत्ती आणि तिच्यासोबतची ध्वनी-लायब्ररी ही पद्धत उकलते का, ते तपासावे. ज्यांना फक्त कार्यक्रम ऐकायचा आहे त्यांच्यासाठी हे यंत्र अवाजवी आहे. त्यांनी डीआरएमचा साधा संच घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या लूपवर खर्च करावेत.

एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत आणि पुन्हा परतीच्या पावसात नाशिकला विजांचा कडकडाट असतो. अशा दिवसांत देखरेख करणाऱ्याला मोह होतो, कारण दूरच्या विजांचे तडाखे धबधबा-पटावर आडव्या रेघांसारखे उमटतात आणि गुंफणीची पद्धत त्यांना कशी पुरून उरते ते पाहता येते. तडाखे दूर असेपर्यंत ते जरूर पाहावे. ढग त्र्यंबकच्या बाजूने शहराकडे सरकू लागले, की अँटेनाची केबल रिसीव्हरपासून सोडवून तिचे टोक खिडकीबाहेर अर्थिंगच्या पट्टीला जोडावे आणि १२ व्होल्टचा पुरवठाही काढून ठेवावा. थेट नमुने घेणाऱ्या रिसीव्हरचा पुढचा भाग नाजूक असतो, आणि तो जळाला तर त्याची दुरुस्ती शहरातल्या दुकानांत होण्यासारखी नाही.